तुम्ही विचारलंत म्हणून: बाइकची सीट घरी का शिवली?

"सीटचं कव्हर तर स्टेशनजवळ अर्ध्या तासात बसवून मिळतं. मग तुम्ही घरी कशाला शिवलंत?" इथे ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वागळे इस्टेटला कंपनीच्या गेटवर, कधी कोर्ट नाक्याच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या बाइकवाल्याकडून, हा प्रश्न मला सारखा येतो. सिग्नल सुटतो आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून आज सगळं सांगते.

मला कव्हर बदलायचं नव्हतं, सीट बदलायची होती. कव्हर हा त्यातला शेवटचा भाग.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, पल्सर. तो नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा ती कळव्यालाच राहिली आणि माझ्याकडे आली. भाऊ चांगला उंच. माझी उंची पाच फूट एक इंच. गाडी चालू असली की काही अडचण नाही. अडचण गाडी थांबली की. सकाळी कळव्याच्या पुलावर रांग इंचाइंचानं सरकते, दर चार हातांवर पाय टेकवावा लागतो, आणि माझे नुसते चवडे टेकायचे. गाडीचं वजन १४० किलोच्या वर. पावसाळ्यात खाली निसरडे पेव्हर ब्लॉक, मागे आई बसलेली, आणि हे सगळं वजन चवड्यांवर तोलायचं, म्हणजे पोटात गोळा यायचा.

उपाय सगळ्यांकडे होते. जाड तळव्याचे बूट घाला. मागचे शॉकअप बुटके बसवा. मला ते नको होतं, कारण शॉकअप बदलले की गाडीचा मागचा भाग खाली येतो, वळताना तिची चाल बदलते आणि स्पीडब्रेकरला पोट घासतं. तिसरा सल्ला सीटवाल्यांचा: "फोम वरून दोन इंच उडवून देतो, ताई." हे काम ते रोज करतात आणि त्यांचा हात फार सफाईदार चालतो, ते मी तासभर उभं राहून पाहिलंय. पण वरचा फोम कापणं मला पटलं नाही. आपण सीटवर बसतो तेव्हा वजन मांड्यांवर नसतं, बैठकीच्या दोन हाडांवर असतं. ती हाडं आणि खालचं कडक प्लास्टिक यांच्यामध्ये फोम असतो, तेवढाच आधार. तो पातळ केला की घोडबंदर रोडच्या पहिल्याच खड्ड्यात हाड त्या प्लास्टिकला लागतं. गायमुखपर्यंत जाऊन आलात की कंबरच सांगेल काय झालंय ते.

पाय जमिनीला न पोचायला सीटची उंची जेवढी कारण, तेवढीच तिची रुंदीही कारण असते, आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. थांबताना आपण आपोआप पुढे सरकतो, टाकीजवळ. तिथे सीट रुंद असेल तर पाय आधी बाहेर फाकतो आणि मग खाली उतरतो. तेवढी लांबी फुकट जाते. टाकीला लागून असलेलं सीटचं नाक दोन्ही बाजूंनी उतरतं केलं, कडा गोल केल्या, तर सीट तेवढीच उंच राहूनही पाय सरळ खाली जातो. चालवताना जिथे बसतो ती जागा मागे असते, तिला हातच लावायचा नाही. पण असा फोम कोरला की त्यावर कुठलंही तयार कव्हर बसत नाही. ते गाडीच्या मूळ सीटच्या मापाचं असतं. नवा आकार म्हणजे नवं कापड बेतणं आलं, आणि बेतणं म्हटलं की आमच्या घरी आई आहे. तिनं आयुष्यभर कळव्यातल्या बायकांचे ब्लाउज शिवलेत.

तर हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता काम कसं झालं ते सांगते, कारण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतोच: "आम्हाला जमेल का?"

सीट काढून उलटी केली की सगळं समोर दिसतं. हल्लीच्या गाड्यांचं बूड प्लास्टिकचं असतं आणि कव्हर त्याला स्टेपल पिनांनी ठोकलेलं असतं. जुन्या बुलेट, आरएक्स १०० वगैरेंना पत्र्याचं बूड, त्याला दात काढलेले; कव्हर त्या दातांत अडकवून दात दाबलेले असतात. तिथे गंज खरवडून रेड ऑक्साइड मारल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर नवं रेक्झिन गंजानं खालून कुरतडलं जाईल. माझ्याकडे पिना होत्या. चपट्या स्क्रूड्रायव्हरनं पिनेचं एक टोक उचलायचं आणि पक्कडीनं ओढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केली तर प्लास्टिक तडकतं आणि मग पिन धरायला जागा राहत नाही.

कव्हर निघालं आणि आतून कुबट वास आला. फोम ओला होता, तोही पाऊस संपून बरेच दिवस झाल्यावर. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि सीटचा फोम हा उघड्या छिद्रांचा पॉलियुरेथेन. पाणी आत घेतो आणि सोडताना महिने लावतो. पाणी शिरतं शिलाईतून. सुईनं पाडलेलं भोक रेक्झिनमध्ये कायमचं राहतं, कापडासारखं ते मिटत नाही. कोरडं दिसणाऱ्या सीटवर बसलात आणि उठल्यावर पँट ओली लागली, असं झालं असेल तर कारण हेच. त्या ओल्या फोमवर नवं कव्हर ओढणं म्हणजे ओल आतच कोंडून ठेवणं, आणि अर्ध्या तासाच्या कामात नेमकं तेच होतं. त्यात त्या कारागिराचा दोष मी धरत नाही. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून घड्याळ बघत असतं. फोम वाळायला पंख्याखाली उभा ठेवावा लागतो, जुन्या टॉवेलात दाबून पाणी काढावं लागतं, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत गाडीविना राहावं लागतं. मी तेवढे दिवस टीएमटीच्या बसनं गेले.

फोम कोरायला एक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं पातं, पुरतं. धारेनं दाबायचं नाही, हलक्या हातानं करवतायचं, थोडं थोडं. आधी स्केचपेननं मधली रेघ आखा आणि दोन्ही बाजूंना सारख्या खुणा करा. एका बाजूनं जे काढाल ते लगेच दुसऱ्या बाजूनंही काढा. मग जाड पॉलिश पेपरनं घासून आकार गोलसर करा. फोम घासला जातो, फार छान घासला जातो. दर थोड्या वेळानं तसाच फोम लावून सीट गाडीवर ठेवायची, गाडी मेन स्टँडवरून उतरवायची आणि बसून बघायचं. माझी टाच टेकली नाही, पण तळपायाचा पुढचा अर्धा भाग पूर्ण टेकला, आणि मी थांबले. आणखी काढलं असतं तर मांडीला कड लागली असती.

बसायच्या जागी जुना फोम दबला होता, तिथे एक थर नवा घातला. दुकानात "मऊ द्या" म्हणू नका. मऊ फोम दुकानात पाच मिनिटं सुखाचा वाटतो. तासाभराच्या प्रवासात तो पूर्ण दबतो आणि हाड पुन्हा बुडावर येतं. मी ४० डेन्सिटीचा घेतला. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो ते. त्यावरून कडकपणा कळत नाही, तो हातानं दाबूनच बघावा लागतो. पण जास्त डेन्सिटीचा फोम आकार जास्त दिवस धरतो. चिकटवायला सिंथेटिक रबराचा फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंना लावून, तो हाताला चिकट लागेनासा होईपर्यंत थांबून मग दाबायचा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा. त्याची वाफ पेट घेते.

पुढचं काम आईचं. जुन्या कव्हरचे टाके उसवून त्यावरून कापायचं, असं मी धरून चालले होते. तिनं ते हातात घेतलं, ताणून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "हे सैल झालंय गं. माप अंगावर घ्यायचं असतं, जुन्या कपड्यावरून नाही." मग आम्ही फोमला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळली, वरून कागदी मास्किंग टेप आडवी-उभी चिकटवली, आणि आईनं खडूऐवजी पेननं टेपवर शिलाईच्या रेघा मारल्या. कापण्याआधी प्रत्येक जोडावर आडव्या खुणा केल्या, म्हणजे शिवताना कुठला बिंदू कुठे यायचा ते चुकत नाही. रेघांवरून कापलं आणि गोल आकार सपाट कागदासारखा टेबलावर पसरला. वरचा एक तुकडा, दोन बाजू, मागची पट्टी. अर्ध्याच भागाचं माप घेऊन घडी घालून कापायचं हेही तिचंच. डावं-उजवं तंतोतंत सारखं येतं. शिलाईला एक सेंटिमीटर माया, म्हणजे जादा कापड, ठेवली, आणि खाली बुडावर दुमडायला चांगली चार बोटं.

रेक्झिन घेताना पाठ बघा. कापडी पाठीचं ताणत नाही, होजिअरी पाठीचं ताणतं. वळणदार सीटला दुसरं घ्यावं. पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ५४ इंच असतो, त्यामुळे एका मीटरमध्ये मोठी सीट आरामात निघते. बसायच्या जागी खडबडीत पोत घ्या, गुळगुळीत रेक्झिनवरून ब्रेक मारला की आपण टाकीवर जातो.

शिवलं आईच्या पायमशीनवरच. घरच्या काळ्या मशीनवर रेक्झिनचे दोन थर नीट शिवले जातात, तीन-चार थर एकत्र येतात तिथे चाक हातानं फिरवायचं. सुई १८ नंबर, दोरा नायलॉनचा. साधा सुती दोरा पावसात कुजतो. टीप मोठी ठेवा. बारीक टीप मजबूत, हा नियम रेक्झिनला लागू नाही: भोकं जवळजवळ आली की टपाल तिकिटाच्या कडेसारखी ती ओळ पुढे फाटते. टाचण्या लावायच्या नाहीत, कपड्यांचे चिमटे लावायचे. रेक्झिन मशीनच्या पायाखाली अडकलं की थोडी टाल्कम पावडर. प्रत्येक जोड उलगडून आईनं वरून दाबटीप मारली, आणि आतल्या बाजूनं मी जोडावर फेव्हिकॉलची पट्टी फिरवली. एक गोष्ट मात्र ठरवून टाळली: सीटच्या मधोमध रंगीत दोऱ्याच्या चौकोनी टिपा. त्या दिसतात सुंदर, मलाही आवडतात. पण पाणी साचतं ते मधेच, आणि तिथे शेकडो भोकं पाडायची हे आपल्या पावसात मला मान्य नाही. सगळे जोड उतरत्या बाजूला ठेवले. फोमवर जाड प्लास्टिकचा एक थर घातला, बुडाची छिद्रं मात्र मोकळी ठेवली.

कव्हर ओढायचा दिवस कडक उन्हाचा निवडा. अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवलं की रेक्झिन मऊ पडतं, थंड झालं की आवळतं. चुण्या आपोआप कमी होतात. सोफ्याचं काम करणारे शेजारचे काका आले त्यांची स्टेपल गन घेऊन, कारण हाताच्या स्टेपलरनं माझ्याच्यानं प्लास्टिकमध्ये पिन पूर्ण जात नव्हती. पहिली पिन नाकाच्या मध्यावर, दुसरी मागच्या मध्यावर, मग दोन्ही कुशींच्या मध्यावर. तिथून कोपऱ्यांकडे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कोपऱ्यात सरळ ओढू नका, तिरकं ओढा, असं काकांनी हात धरून दाखवलं. पिना ६ मिलिमीटरच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या. चालक आणि मागचा माणूस यांच्यामधल्या खोलगट वळणात कव्हर तरंगत राहतं, कितीही ओढा. तिथे जोड द्यावा लागतो किंवा आतून चिकटवावं लागतं. आम्ही जोड दिला.

मागच्यानं धरायचा, सीटवरचा मधला पट्टा परत लावलाच. बरेच जण सीट छान दिसावी म्हणून तो काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला साडी अडकू नये असं आवरण हवंच. मागे दांडी असली तरी आई एका कुशीवर बसते, मागे हात नेऊन धरणं तिला जमत नाही. तिचा हात पट्ट्यावर असतो.

आता "जमेल का" याबद्दल. फोम ठीक असेल, आकार सोयीचा असेल, नुसतं रेक्झिन उन्हानं तडकलं असेल, तर सीटवाल्याकडेच जा. फक्त फोम सुका असल्याची खात्री करा आणि पावसाळ्याआधी जा. पण पाय पोचत नसेल, कंबर दुखत असेल, एका बाजूला घसरायला होत असेल, तर तुमचं माप तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही. होळीनंतरचे दिवस उत्तम. शिवणारं माणूस घरी किंवा शेजारी असलं तर निम्मं काम झालं. नसेल तर रविवारी सकाळी आमच्याकडे या, मशीन रिकामी असते आणि आईला हे काम ब्लाउजपेक्षा आवडायला लागलंय. सीट गाडीवरच असू द्या, आधी काढू नका. आणि रोज जे बूट घालून गाडी चालवता तेच घालून या; माप बुटांसकट घ्यायचं असतं.