विजेचा स्मोकर : तापमान आणि धूर यांची ओढाताण

इथे मिशिगनमध्ये मित्रमंडळींत विजेच्या स्मोकरचा, म्हणजे धुरात मांस सावकाश शिजवणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की तक्रार बहुधा एकच असते : आकडा २२५ फॅरनहाइटवर, म्हणजे १०७ सेल्सिअसवर लावला, तरी आतले तापमान सतत वरखाली होते. तक्रार रास्त आहे, पण दर वेळी ते यंत्र बिघडल्याचे लक्षण नसते.

कपाटासारख्या या स्मोकरमध्ये तळाशी साधारण ८०० वॉटची कॉइल असते, तिच्यालगत लाकडाच्या ढलप्यांचा ट्रे, त्याच्यावर पाण्याचे पसरट भांडे आणि वर जाळ्या. साधा थर्मोस्टॅट कॉइलला एक तर पूर्ण वीज देतो, नाहीतर मुळीच देत नाही. ठरलेला आकडा गाठताच वीज तुटते, पण तापलेल्या कॉइलमधली उष्णता त्यानंतरही बाहेर पडत राहते आणि हवा आणखी तापते. उलट, हवा निवल्यावर वीज परत सुरू झाली, तरी कॉइल तापेपर्यंत आकडा घसरतच राहतो. मांसाचा मोठा तुकडा इतका सावकाश तापतो की हे झोके त्याच्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. त्याच्या दृष्टीने सरासरी महत्त्वाची असते, आणि ती कळण्यासाठी भिंतीवरच्या सेन्सरवर विसंबू नये. जाळीच्या उंचीवर, मांसापासून चार बोटे दूर, वेगळा प्रोब, म्हणजे थर्मामीटरची सळई, लावावा. बर्फाच्या पाण्यात तो ० आणि उकळत्या पाण्यात १०० सेल्सिअस दाखवतो का, हे आधी पाहावे. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावी मात्र पाणी ९५ च्या आसपासच उकळते.

झोके नकोसे वाटले की लोक साध्या थर्मोस्टॅटऐवजी पीआयडी कंट्रोलर नावाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवतात. तापमान किती कमी आहे एवढेच नव्हे, तर ते कोणत्या वेगाने बदलते आहे हेही तो लक्षात घेतो आणि विजेचे लहान लहान हप्ते पाडून देतो, त्यामुळे आकडा एक-दोन अंशांत स्थिर राहतो. येथे मात्र एक अडचण उभी राहते, जिच्याविषयी फार कमी बोलले जाते. ढलप्या धुमसायला १०७ अंशांपेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते, आणि ती त्यांना मिळते लाल झालेल्या कॉइलकडूनच. कॉइलला थोडी थोडी वीज मिळू लागली की ट्रेमधल्या ढलप्या नुसत्या करपून तपकिरी होतात आणि झडपेतून येणारी निळसर धुराची रेघ विरून जाते. म्हणजे ज्या झोक्यांना आपण दोष देतो, त्यांच्यामुळेच धूर होत असतो. माझे मत स्पष्ट आहे : कंट्रोलर बसवायचा असेल, तर धुराची सोय कॉइलपासून वेगळी करावी. पेलेट (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या) भरलेली जाळीदार नळी एका टोकाला पेटवून ज्योत विझवली की ती कॉइलच्या मदतीशिवाय तासन् तास धुमसते. हवा खेळती राहावी म्हणून वरची झडप उघडी ठेवावी, एवढेच.

तापमानाशी छेडछाड करण्याचा मोह सर्वाधिक होतो तो डुकराच्या खांद्याचे मांस लावल्यावर. आतले तापमान ६५ ते ७५ सेल्सिअसच्या दरम्यान येऊन तासन् तास तिथेच अडकते. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने हे घडते : पृष्ठभागावरचा ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो. अशा वेळी आकडा न वाढवता मांस फॉइलमध्ये गुंडाळावे, म्हणजे बाष्पीभवन थांबते आणि तापमान पुन्हा चढू लागते. तंतू सहज सुटायला ते ९० च्या पुढे जावेच लागते.

कोंबडीचा हिशेब वेगळा. ती आतून ७४ सेल्सिअसला पोहोचली की खाण्यास सुरक्षित होते, पण १०७ वर तिची कातडी चिवट राहते. म्हणून ती २७५ फॅरनहाइटवर, म्हणजे १३५ सेल्सिअसवर लावावी. बऱ्याच विजेच्या स्मोकरची कमाल मर्यादाही तीच असते, त्यामुळे कातडी कुरकुरीत हवी असेल तर शेवटची काही मिनिटे कोंबडी कडक तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेवावी.