तुम्ही विचारलंत म्हणून: ट्यूब अ‍ॅम्पला सबवूफर कुठून जोडायचा?

"भाऊ, ट्यूब अ‍ॅम्पला सबवूफर टोचायचा कुठे, मागे सॉकेटच नाही ना!" हा प्रश्न मला भुसावळहून येतो, धुळ्याहून येतो, लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा माणूस हेच विचारतो, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि सबवूफर, म्हणजे आपला सब, हा फक्त खोल बास वाजवणारा वेगळा स्पीकर.

थेट उत्तर असं की जिथे तुमच्या स्पीकरच्या वायरी लागल्यात त्याच टर्मिनलवरून. स्पीकर काढायचे नाहीत, ते तसेच राहू द्यायचे, आणि त्याच ठिकाणी सबच्या हाय-लेव्हल इनपुटच्या (स्पीकरच्या वायरीतला सिग्नल घेणाऱ्या टर्मिनलच्या) वायरी जोडायच्या. डाव्या चॅनलचा प्लस, उजव्या चॅनलचा प्लस आणि एक काळी वायर मायनसला, म्हणजे ज्याच्यावर 0 लिहिलेलं असतं तिथे. स्पीकर 8 ओहमच्या टॅपवर, म्हणजे 8 लिहिलेल्या टर्मिनलवर, असेल तर सबपण 8 वरच.

यावर लगेच विचारतात की दोन दोन गोष्टी जोडल्या तर अ‍ॅम्पवर लोड नाही का येणार. नाही येत. पॉवर्ड सबच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प असतो आणि त्याच्या हाय-लेव्हल इनपुटचा रेझिस्टन्स हजारो ओहममध्ये असतो, तिथे तुमचा 8 ओहमचा स्पीकर कुठे आणि हे कुठे, सब सिग्नल फक्त चाखतो, जेवत नाही. म्हणून वायरही जाड लागत नाही, घरच्या फिटिंगची 1 स्क्वेअर एमएमची चालते, फक्त तिचा एकही तंतू सुटून शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये.

आता कोणी म्हणेल सीडी प्लेअरवरूनच वेगळी आरसीए केबल काढून सबला देऊ. देता येते, पण मग अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम फिरवला तरी सबचा आवाज आहे तिथेच राहतो, आणि मला त्याहून मोठं वाटतं ते असं की व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळून आवाजाला जो रंग देतात तो सबपर्यंत पोचतच नाही. वरचा आवाज एका घरचा आणि खालचा दुसऱ्या घरचा. स्पीकर टर्मिनलवरून घेतलं की दोघांना एकच सिग्नल मिळतो. अ‍ॅम्पला प्री-आउट (व्हॉल्यूमनंतरचा सिग्नल बाहेर देणारं सॉकेट) असेल तर तोही चांगला रस्ता आहे, पण आपल्याकडे फिरणाऱ्या बहुतेक छोट्या ट्यूब अ‍ॅम्पला तो नसतो.

वायरी लावताना अ‍ॅम्प आणि सब दोन्हींचे प्लग भिंतीतून काढलेले पाहिजेत, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प शॉर्टला घाबरतो, ट्यूबचा मोकळ्या टर्मिनलला. स्पीकर नसताना जोरात वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, इतकं व्होल्टेज चढतं की आतलं इन्सुलेशन फुटू शकतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस आता सहज मिळत नाही. आतमध्ये 300-400 व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतो, त्यामुळे खालचं झाकण उघडायचंच नाही, बाहेरून सगळं होतं. एक तपासणी मात्र आधी करा, अ‍ॅम्प बंद, प्लग काढलेला, मल्टिमीटर ओहमवर ठेवून 0 चं टर्मिनल आणि चेसिस (धातूचा सांगाडा) यांच्यात मोजा. जवळजवळ शून्य आलं तर काळी वायर बिनधास्त लावा. काही अ‍ॅम्पमध्ये मायनस चेसिसला जोडलेला नसतो, तसं दिसलं तर ज्याने अ‍ॅम्प बांधला त्याला विचारल्याशिवाय लावू नका.

मग हमिंग, म्हणजे सतत येणारी घरघर. हे आपल्या भागातलं खरं दुखणं आहे. लाइन 50 हर्ट्झची आणि सबचं कामच त्या पट्ट्यात, त्यामुळे बारक्या स्पीकरमध्ये जी घरघर कानावरही येत नाही ती सब मन लावून वाजवतो. अ‍ॅम्पला अर्थ, सबला अर्थ, आणि मध्ये आपली काळी वायर, झाला लूप, म्हणजे अर्थचं वेटोळं, आणि त्यातूनच घरघर शिरते. पहिला उपाय म्हणजे दोघांचे प्लग एकाच बोर्डात लावा, डिशची केबल सिस्टीमला आलेली असेल तर ती काढून ऐका, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं. पण तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, हाय व्होल्टेजचं यंत्र आहे, घरात लेकरं असतात. त्यापेक्षा अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर दोन-तीन व्होल्ट दाखवत असेल तर ठीक, वीस-तीस दाखवत असेल तर अर्थ नावालाच आहे. आणि तापीकाठची आपली काळी जमीन, एप्रिल-मे मध्ये वाळून भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक होतो, पावसाळ्यात गप्प असलेली सिस्टीम उन्हाळ्यात गुणगुणायला लागते ती त्यामुळेच. खड्ड्यात मीठ-कोळसा आहे का बघायचं आणि संध्याकाळी बादलीभर पाणी सोडायचं.

व्होल्टेजचंही तसंच. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की आमच्याकडे लाइन 250 च्या वर जाते. 230 ला 6.3 व्होल्ट मिळणारं व्हॉल्व्हमधलं हीटर 255 ला जवळपास 7 वर जातं, व्हॉल्व्ह लवकर म्हातारा होतो. सबवर खर्च करण्याआधी स्टॅबिलायझरवर करा असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता सेटिंग. आधी सब उचलून तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने वाकून फिरा, जिथे बास भरीव पण सुटा ऐकू येईल तिथे सबची जागा. बारा फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो, म्हणून शक्यतो थेट कोपऱ्यात नको. क्रॉसओव्हर, म्हणजे सबने किती हर्ट्झपर्यंत वाजवायचं ती मर्यादा, 50-60 पासून सुरू करून हळूहळू वर न्या, फेजचं बटण 0 आणि 180 दोन्हीकडे करून बघा, बास जिकडे जास्त भरतो तिकडे ठेवा.

मी हे तानपुऱ्यावर करतो. पुरुष गायकाचा सा काळी एक असेल तर खर्जाची तार 69 हर्ट्झवर लागते, आणि बुकशेल्फ स्पीकर तिथेच दमायला लागतात. तार दिसते, म्हणजे तिचा जवारीचा झणत्कार ऐकू येतो, पण पाया नसतो. सब बरोबर बसला की तानपुरा जमिनीवर टेकल्यासारखा होतो आणि डग्ग्यावर मनगट सरकलं की ती मींड शेवटपर्यंत समजते. दुसरी परीक्षा सातपुड्यातल्या होळीचा मोठा ढोल, थाप पडली आणि लगेच थांबली पाहिजे, लांबत राहिली तर सबचा व्हॉल्यूम कमी करा. आपल्याकडे वरातीतल्या डीजेने कान असे तयार झालेत की पोरं येतात आणि म्हणतात "आवाज घुमीच नही ऱ्हायना भो", म्हणजे आवाज घुमतच नाहीये. त्यांना मी बसवून ढोल ऐकवतो, मग सब बंद करून तोच ढोल ऐकवतो, पुढे बोलावं लागत नाही.

होम थिएटरच्या डब्यातला जुना सब चालेल का, हेही खूप जण विचारतात. त्याला स्वतःची 230 व्होल्टची वायर नसेल तर तो पॅसिव्ह, तो ट्यूब अ‍ॅम्पला असा जोडायचा नाही, त्याला वेगळा अ‍ॅम्प लागेल. जळगावच्या गोलाणी मार्केटला किंवा कुठेही सेकंडहँड घ्यायला गेलात तर सब उलटा करून मागचं पॅनल बघा, हाय-लेव्हल किंवा स्पीकर इनपुट लिहिलेली चार टर्मिनल दिसली तरच भाव करा. शेजारी स्पीकर आउट लिहिलेली असतील तर ती रिकामी ठेवायची.