तुम्ही विचारलेत म्हणून : चेलो शिकून स्टुडिओत कशाला?

बेळगावात कार्यक्रम संपला की कोणीतरी जवळ येऊन विचारते, "इतकी वर्षे पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने चेलो शिकलात, आता दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवता, तर ते शिक्षण वाया गेले असे वाटत नाही का?" (चेलो म्हणजे व्हायोलिनसारखे, पण मोठे आणि खर्जात बोलणारे, गजाने वाजवायचे तंतुवाद्य.) या प्रश्नामागची आपुलकी मला कळते. कुमार गंधर्वांचा जन्म जवळच्याच सुळेभावीचा, त्यामुळे वादकाने मैफलच करावी अशी अपेक्षा या भागात असणारच. तरीही माझा अनुभव असा आहे की, ते शिक्षण सर्वांत जास्त कसाला लागते ते स्टुडिओत.

चोर्ला घाटातून पणजीला शिकायला जात असे तेव्हा सरांनी जर्मन संगीतकार बाखच्या एकल चेलोसाठीच्या सहा रचनांवर मेहनत करून घेतली. चेलोला पडदे नसतात. स्वराची जागा बोटाने आणि कानानेच शोधावी लागते. मैफलीत किंचित उतरलेला स्वर पुढच्या स्वरात विरून जातो, पण ध्वनिमुद्रणात तो कायमचा राहतो.

पूर्वी मुंबईत सारा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवत असे आणि सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे संयोजक लिहून देत ती स्वरलिपी वादक समोर ठेवून वाजवत. आता बहुतेक तंतुवाद्ये संगणकातून येतात आणि त्यांत जीव यावा म्हणून वर खऱ्या गजाचे थर चढवले जातात. हेडफोनमधून कानात वाजणाऱ्या क्लिकवर, म्हणजे लयीच्या ठोक्यावर, मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो; मात्र प्रत्येक वेळी खुर्चीची जागा, बोटांची मांडणी, गजाचा दाब थोडा बदलावा लागतो, नाहीतर अनेक चेलोंऐवजी एकच माणूस जाड आवाजात वाजवत असल्यासारखे ऐकू येते.

त्याहून अवघड आहे ते भावगीत, मग ते मराठी असो वा कन्नड. पाश्चात्त्य शिक्षणाने लांब स्वरावर डाव्या हाताचा कंप आपोआप येतो; इथे तो थांबवून स्वर सरळ धरावा लागतो आणि गायिकेची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, जिथून निघते तिथूनच आपलीही काढावी लागते. कागदावर यातले फारच थोडे लिहिलेले असते. लहानपणापासून कानावर पडलेली अभंगवाणी आणि ख्याल मला तिथे उपयोगी पडतात, म्हणूनच पणजी आणि बेळगाव ही माझ्या शिक्षणाची दोन्ही घरे मला सारखीच मोलाची वाटतात.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटजवळच्या माझ्या खोलीतून मी मुद्रण करून फाइल्स पाठवतो. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे 65 हर्ट्झवर वाजते आणि मालगाडीची घरघरही त्याच खालच्या पट्ट्यात येते. नंतर ती वेगळी काढताना चेलोचा गाभाच पोखरला जातो. म्हणून खर्जाचे काम मी गाड्यांच्या वेळा सांभाळून करतो.

खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने कलावंतांचा रॉयल्टीवरील हक्क मान्य केला, तरी स्टुडिओतल्या वादकाला बहुधा एकरकमी मानधनच मिळते आणि पुष्कळदा श्रेयनामावलीत त्याचे नावही नसते. हे मला अन्यायाचे वाटते, त्यामुळे काम स्वीकारतानाच नाव छापण्याची अट मी लेखी घालतो, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांनाही तसेच करायला सांगतो.