मुशीचं कालवण आणि बारा तासांचा उपास

काकींच्या दंडाला पट्टा आवळून झाला होता, शीर वर आली होती, सुई माझ्या हातात होती. प्रत्येकाला विचारते तसं त्यांनाही विचारलं, "काकी, रात्री आठनंतर काही खाल्लं नाही ना?"

"नाय गो बाय. आठाच्या आधीच जेवले. मुशी आलेली घरात, तिचं कालवण केलं. दोन वाट्या तर नुसतंच प्याले. मग पाण्याशिवाय काय नाय."

मुशी म्हणजे छोटा शार्क मासा. मी पट्टा सोडला. सुई बाजूला ठेवली. काकींना वाटलं शीर सापडली नाही, म्हणून त्यांनी दुसरा हात पुढे केला.

हर्णै बंदराच्या जवळचं ते समाजमंदिर. ऑगस्टचा तिसरा आठवडा, नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. बाहेर पावसाची उघडीप होती आणि खिडकीतून सुवर्णदुर्गाची तटबंदी स्वच्छ दिसत होती. व्हरांड्यात बावीस माणसं उपाशीपोटी बसली होती. कुणी लिलाव सोडून आलं होतं, कुणी नातवंडांना शाळेसाठी शेजारणीच्या हवाली करून. टेबलावर जांभळ्या झाकणाच्या नळ्या ओळीनं लावल्या होत्या. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, कोपऱ्यात इन्व्हर्टरवर चालणारा, रक्ताचे घटक वेगळे करणारा सेंट्रिफ्यूज. सगळी मांडामांड चोख होती. चूक त्याच्या कितीतरी आधी, मे महिन्यातल्या एका बैठकीत झाली होती, आणि त्या बैठकीत मीही होते.

आमचा अभ्यास एका पुडीचा होता. चिकोरीच्या मुळातून काढलेलं इन्युलिन आणि त्यात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू. इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात. लॅक्टोबॅसिलसचे काही वाण पित्तातले क्षार फोडतात. फोडलेलं पित्त शौचावाटे निघून जातं आणि नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. पुडीमागचा विचार एवढा सरळ. निम्म्या घरांना ही पुडी, निम्म्या घरांना तशीच दिसणारी माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे पिष्टापासून केलेल्या साध्या भुकटीची. कुणाकडे कुठली, ते गावाला ठाऊक नाही, मलाही नाही. बारा आठवडे रोज एक पुडी, आणि तीन वेळा तपासणी: सुरुवातीला, सहाव्या आठवड्यात, शेवटी.

काकी गावात पहिल्यांदा संमतीपत्रावर सही करणाऱ्या. त्यांचे यजमान बोटीवरच गेले. छातीत कळ आली तेव्हा बोट खोल पाण्यात होती. बंदर दिसू लागलं तेव्हा सारं संपलेलं. मी संमतीपत्र वाचून दाखवलं तेव्हा काकींनी एकच विचारलं होतं, "ह्या पुडीनं माझ्या पोरग्याचं तसं व्हायचं नाय ना?" मी म्हटलं होतं, "ते अजून कुणालाच माहीत नाही काकी, म्हणूनच तपासायचं आहे." त्यांनी मान हलवली, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी आळीतली आणखी पाच घरं घेऊन आल्या. ही माणसं त्यांच्या शब्दावर आली होती. म्हणून त्या सकाळी पट्टा सोडताना माझे हात गार पडले.

कारण आम्ही कोलेस्टेरॉलबरोबर आणखी एक गोष्ट मोजणार होतो: टीएमएओ, म्हणजे ट्रायमिथाइलअमाइन-एन-ऑक्साइड. अंडी, मटण यांतलं कोलीन आणि कार्निटिन आतड्यातल्या काही जिवाणूंना मिळालं की ते त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन करतात. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याला ऑक्सिजन जोडला जातो आणि टीएमएओ तयार होतं. २०११ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये स्टॅन्ली हेझन यांच्या गटानं त्याचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. २०१३ मध्ये त्याच गटानं चार हजारांवर रुग्णांचा ३ वर्षं पाठपुरावा करून सांगितलं की ज्यांच्या रक्तात हे जास्त, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका जास्त. पोटातले जिवाणू बदलले तर हा आकडा खाली येतो का, हे पाहायचं होतं.

आता मुशी. समुद्रातल्या मासळीच्या अंगात टीएमएओ मुळातच असतं. त्यासाठी माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंची गरज लागत नाही. मुशी आणि वागळी या चपट्या माशात तर ते फारच, कारण त्यांच्या शरीरात युरिया भरपूर असतो आणि त्या युरियापासून प्रथिनांना सांभाळायचं काम टीएमएओ करतं. नदीच्या मासळीत ते नावापुरतं. मासा मेला की जिवाणू याच टीएमएओचं उलट ट्रायमिथाइलअमाइन करतात. शिळ्या मासळीचा तो वास, तो हाच. काकी रोज बंदरावर कल्ला उघडून हुंगतात आणि क्षणात भाव ठरवतात. आम्ही जे लाखो रुपयांच्या यंत्रावर मोजणार होतो, त्याच्याच सख्ख्या भावंडाला त्या आयुष्यभर नाकानं ओळखत आल्या आहेत.

मासे जेवलं की हे टीएमएओ थेट रक्तात उतरतं, आणि लघवीवाटे निघून जायला चांगला दिवसभर लागतो. बारा तासांचा उपास ट्रायग्लिसराइडला, म्हणजे रक्तातल्या चरबीला, पुरतो, याला पुरत नाही. मासे खाणं हृदयाला वाईट असा याचा अर्थ मुळीच नाही, हे मी त्या दिवशी व्हरांड्यात चार वेळा सांगितलं, इथेही सांगते. अडचण एवढीच, की काकींच्या रक्तात जे दिसेल ते त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंबद्दल काही सांगणार नाही. ते कालच्या पातेल्याबद्दल सांगेल.

मी वही उघडली आणि रांगेतल्या प्रत्येकाला रात्रीचं जेवण विचारलं. तेरा जणांच्या घरी ताजी मासळी. दोघांकडे सुक्या बोंबलाचं कालवण. चौघांचा श्रावण चालू, वरणभात आणि अळू. तिघांनी पौर्णिमेला नारळ वाहून श्रावण सोडला होता, पण त्या रात्री घरात मासळी नव्हती. खालच्या मोहल्ल्यातले एक चाचा म्हणाले, "आमच्यात श्रावण कुठला, ताई? एक ऑगस्टला बोटी सुटल्या तसा रोज मासा आहे."

तेव्हा दुसरी गोष्ट लख्ख झाली. पहिलं रक्त आम्ही जुलैत घेतलं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. बोटी वर ओढलेल्या, घरात सुकट, सोडे, खारा बांगडा, नाहीतर खाडीतली थोडी मासळी. म्हणजे पहिली तपासणी बंदीतली आणि दुसरी भर हंगामातली. दोन्ही गटांत आकडा चढणार होता आणि पुडीचा त्यात हात नसता.

कंपनीतर्फे आलेले एक गृहस्थ त्या दिवशी देखरेखीला हजर होते. ते म्हणाले, "मॅडम, प्रोटोकॉलमध्ये बारा तास उपास लिहिलाय, तो यांनी पाळलाय. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेत, मासे खाणारे दोन्हीकडे सारखेच वाटले गेले असतील. घ्या रक्त." त्यांचं बोलणं अगदीच चूक नव्हतं. मोठ्या अभ्यासात ते पटलंही असतं. पण आम्ही चिठ्ठ्या माणसागणिक टाकल्याच नव्हत्या, घरागणिक टाकल्या होत्या, कारण एका घरात दोन तऱ्हेच्या पुड्या गेल्या तर त्यांची अदलाबदल होणारच. आणि घर म्हणजे एक पातेलं. एका घरात श्रावण असला तर तो सगळ्यांचा असतो. थोड्याशाच घरांत हे दान कसंही पडू शकतं. शिवाय मासळीनं हा आकडा इतका वर जातो की पुडीचा परिणाम त्यात शोधायचा म्हणजे शिमग्याच्या ढोलात कुणाची कुजबुज ऐकू पाहण्यासारखं.

मी आमच्या मुख्य संशोधक सरांना फोन लावला. रेंजसाठी बंदराच्या उतारापर्यंत जावं लागलं. खाली बैलगाड्या पाण्यातून मासळी ओढून आणत होत्या. सगळं सांगितल्यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोलेस्टेरॉलची नळी घे. शौचाचे नमुनेही घे. टीएमएओची नळी आज भरायची नाही. मी कमिटीला कळवतो." नंतर त्यांनी विचारलं, "आपल्या प्रश्नावलीत मासे होते ना?"

होते. ती प्रश्नावली मीच मराठीत आणली होती. मूळ मसुदा कुठल्यातरी शहरी अभ्यासाचा. 'मासे किती वेळा खाता? कधीच नाही, आठवड्यातून एकदा, दोन ते तीन वेळा किंवा अधिक.' काकी म्हणाल्या होत्या, "रोज." मी शेवटच्या चौकटीत खूण केली आणि पुढच्या प्रश्नावर गेले. मी गुहागरची. बंदी कधी लागते, बोटी कधी सुटतात, श्रावण कोण पाळतं, कुठल्या घरात तो पौर्णिमेलाच सुटतो, यातलं काहीएक मला नवीन नाही. मेच्या बैठकीत तपासणीच्या तारखा फळ्यावर लिहिल्या जात होत्या तेव्हा मी समोरच बसले होते. प्रोटोकॉल वैद्यकाचा आणि मासळीचं ज्ञान घरचं, असे दोन कप्पे माझ्या डोक्यात वेगळे राहिले. मी एक शब्द बोलले नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

परत आले आणि सगळ्यांना खरं सांगितलं: चूक आमची आहे, तुमचा उपास वाया जाणार नाही, एक नळी आज घेते, दुसरीसाठी पुन्हा यावं लागेल आणि त्याआधी तीन दिवस मासळी वर्ज्य. बुडालेल्या रोजाचे आणि येण्याजाण्याचे पैसे दोन्ही वेळचे मिळतील. हंगाम नुकता सुरू झालेला, त्यात बंदरावरच्या माणसांना तीन दिवस मासा सोडा म्हणायचं. मला वाटलं निम्मी माणसं उठून जातील.

काकी म्हणाल्या, "तीन दिस? अगो, पुनवेपातुर आमच्यात कोण खातं मासा? आधी इचारलं असतंस तर पुनवेच्या आदल्या दिसाला बोलावलं असतंस. आपसूक झालं असतं."

बावीसांतलं कुणीही उठून गेलं नाही.

पुढचं काम कागदांचं. अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती गेली, अभ्यासाच्या नोंदणीतही बदल कळवला. जुलैच्या टीएमएओच्या नळ्या पुडीच्या निकालासाठी ग्राह्य धरायच्या नाहीत असं ठरलं. कोलेस्टेरॉल हाच मुख्य निकष पहिल्यापासून होता, तो तसाच राहिला. यापुढच्या प्रत्येक तपासणीआधी तीन दिवस मासळी बंद आणि त्या तीन दिवसांचं जेवण लिहून आणायचं, ही अट आली. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरातली शाळकरी मुलं लिहितील, असं आम्ही सुचवलं.

काकी ठरल्या दिवशी पहाटेच हजर. नातवाच्या चौरेघी वहीतलं पान फाडून आणलेलं, पिशवीत पुडीच्या रिकाम्या पाकिटांबरोबर जपून ठेवलेलं. त्यावर मोठ्या अक्षरांत: 'सोमवार कुळथाची पिठी भात. मंगळवार शेवग्याच्या शेंगा भाकरी. बुधवार डाळ भात आमसुलाचं सार.' खाली दोनदा रेघ मारून, 'मासा नाय.' त्याखाली नातवाची सही.

मी पान फाइलला लावलं. काकींनी बाही वर केली, हात टेबलावर उताणा ठेवला आणि म्हणाल्या, "आता घे."