पासष्ट मीटरचा घोळ

‘साहेब दौऱ्यावर आहेत. पत्र आवकला टाकून जा.’ एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षातले माझे पाच आठवडे, विहिरींच्या पातळ्या नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयात, या दोन वाक्यांत गेले. सहाव्या आठवड्यात साहेब भेटले. चांगले होते, चहा पाजला, आणि तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांची नऊ पानांची झेरॉक्स हातात दिली. शेवटचं पान तिरकं आलेलं.

विषय असा: गावाबाहेर कचरा डेपो आहे, त्याखालून झिरपणारं पाणी ओढ्याकडे किती वेगाने सरकतं, हे संगणकावर मॉडेल करून बघायचं. घटक क्लोराइड. तो मातीला फारसा चिकटत नाही, कुजत नाही, पाण्याबरोबर मुकाट चालत राहतो. शिकायला बरा. प्रवाहासाठी मॉडफ्लो, प्रदूषणाच्या वहनासाठी एमटी३डीएमएस आणि दोन्ही चालवायला मॉडेलम्यूज. तिन्ही फुकट मिळतात. सॉफ्टवेअर चढवणं, जाळी आखणं, सरावाची उदाहरणं सोडवणं यात तीन आठवडे मजेत गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

झेरॉक्सवरचे रकाने असे: विहीर क्रमांक, गाव, मालक, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, आणि शेवटी ‘मापनबिंदूची उंची’. हा शेवटचा रकाना नऊच्या नऊ पानांवर कोरा.

मेमध्ये पाणी ६.४० मीटरवर, म्हणजे विहिरीपाशी उभ्या माणसाला ६.४० मीटर खाली. मॉडेलला त्याचा उपयोग नाही. एक विहीर टेकाडावर, दुसरी ओढ्याकाठी. दोन्हींत पाणी सहा मीटरवर असलं तरी टेकाडावरचं पाणी ओढ्याकडेच जाणार. सगळ्या पातळ्या एकाच शून्यापासून मोजलेल्या हव्यात. बाबूंना विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, उंची कशाला? पाणी खोलीवर असतं.’

पुन्हा पत्र दिलं, पुन्हा आवक. आणि मी ठरवलं, उंची आपणच मोजू. फोनवर जीपीएसचं अ‍ॅप होतं. दोन रविवारांत तेवीस विहिरी पालथ्या घातल्या. प्रत्येक कठड्यावर फोन ठेवायचा, पाच मिनिटं थांबायचं, आकडा लिहायचा. एका विहिरीवर आजी म्हणाल्या, ‘ताई, फोन पाण्यात पडंल. आमच्या सुनंचा पडलाय.’

(राहिलंच. पातळी जमिनीपासून मोजलीय की कठड्यापासून, हे प्रत्येक विहिरीला विचारा. एका कठड्याची उंची ९० सेंटीमीटर होती. झेरॉक्समध्ये ती धरलीय की नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.)

इथून पुढचे दोन महिने मी बरी माणूस नव्हते. जमिनीचा वरचा पृष्ठभाग एसआरटीएमवरून, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशावरून, घेतला होता. त्याखाली २५ मीटरचा एकच थर: मुरूम, मांजऱ्या आणि त्याखालचा फुटका दगड. तळाशी कातळ. सुरुवातीची पाणीपातळी तेवीस विहिरींवरून ओढली. मॉडेल चालवलं आणि स्क्रीनभर पेशी, म्हणजे जाळीतले चौकोन, कोऱ्या. आउटपुटमध्ये जिथे बघावं तिथे -८८८. मॉडफ्लोच्या २००५ च्या आवृत्तीत पेशीतलं पाणी तळाखाली गेलं की ती कोरडी धरून गणितातून बाहेर काढतात, आणि तिच्या जागी हा ठरवून दिलेला आकडा छापला जातो. माझी अख्खी जाळी पहिल्याच फेरीत बाहेर. कोरड्या पेशी पुन्हा ओल्या करायची सोय लावली, तर कोरडी-ओली-कोरडी असा खेळ करत मॉडेल थांबायचं. खाली संदेश: सॉल्व्हरचा, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या भागाचा, निकष पूर्ण झाला नाही.

मी सॉल्व्हरचे निकष ढिले केले. कधीच करू नका, पण सगळेच एकदा करतात. मग कुणीतरी सांगितलं, २०११ ची एनडब्ल्यूटी आवृत्ती वापर, ती कोरड्या पेशी सांभाळून घेते. खरंच घेतल्या. मॉडेल गुळगुळीत चाललं, पाण्याच्या ताळेबंदात ०.०१ टक्क्याचीही चूक नाही. त्या रात्री मी होस्टेलवर सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

सकाळी मोजलेल्या आणि गणिताने आलेल्या पातळ्यांचा आलेख काढला. ठिपके ४५ अंशाच्या रेषेवर यायला हवेत. माझे ठिपके रेषेला समांतर, सगळे एका बाजूला, साठ-पासष्ट मीटर दूर. आज तो आलेख बघितला की हसू येतं. बिचारा ओरडून सांगत होता. मी काय केलं? मॉडेलची पातळी खाली आणायला पारगम्यता, म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं तो आकडा, पन्नास पट वाढवली. तेवढ्याने भागेना म्हणून थराचा तळ २५ वरून १०० मीटरवर नेला. सर म्हणाले, ‘शंभर मीटर मुरूम? आपल्याकडे?’ एवढंच. वर बघितलंही नाही.

उलगडा झाला तो रेल्वे स्टेशनवर. दिवाळीला घरी निघाले होते, गाडी पन्नास मिनिटं लेट. बाकावर बसून अ‍ॅप उगाच उघडलं. फोन म्हणाला ४८७ मीटर. समोर स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी, आणि नावाखाली बारीक अक्षरात, जी आपण लहानपणापासून बघतो आणि वाचत नाही, ती ओळ: समुद्रसपाटीपासून उंची ५५२ मीटर.

फरक ६५. मी उठून पाटीपाशी गेले आणि फोन तिला टेकवून पुन्हा बघितलं. शेजारचे काका म्हणाले, ‘सेल्फी काढू का तुमचा?’

जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गुळगुळीत, गणिती अंडाकृतीपासून, ज्याला एलिप्सॉइड म्हणतात. समुद्रसपाटी म्हणजे जिऑइड, आणि ती गुरुत्वाकर्षणाप्रमाणे उंचसखल असते. भारतात ती त्या अंडाकृतीच्या बरीच खाली आहे. महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरच्या घरात. हातात धरायची जीपीएस यंत्रं बहुधा हा फरक आतल्या आत मिटवून समुद्रसपाटीचा आकडा देतात. माझं अ‍ॅप देत नव्हतं. एसआरटीएमचा नकाशा मात्र जिऑइडवरचा. म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये जमीन एका शून्यावर आणि पाणी दुसऱ्या. पाणी कातळाच्याही चाळीस मीटर खाली लोंबत होतं. -८८८ नाही येणार तर काय!

दिवाळीनंतर सिव्हिलवाल्यांचं डीजीपीएस, म्हणजे जास्त अचूक जीपीएस, दोन दिवस मागून घेतलं, जिऑइडचा फरक लावला, तळ परत २५ मीटरवर आणला. २००५ ची जुनी आवृत्तीही चालली. कडेला पाच-सहा पेशी कोरड्या पडल्या, त्या तशाच सोडल्या. टेकडीवर खरंच पाणी नसतं.

क्लोराइडचा भाग त्यामानाने सरळ गेला, पण दोन ठेचा तिथेही लागल्या. सरावाच्या उदाहरणातली ०.२५ ही सच्छिद्रता मी तशीच ठेवली होती. ती वाळूची. आपल्या झिजलेल्या बेसाल्टमध्ये पाणी वाहू देणारी पोकळी दोनेक टक्केच धरतात. पारगम्यता दिवसाला ५ मीटर, उतार शंभरात एक, ओढा ५०० मीटरवर. ०.२५ ने पाण्याला ओढ्यापर्यंत जवळजवळ सात वर्षं लागतात. ०.०२ ने २०० दिवस. पाणीपातळ्या दोन्हींत हुबेहूब जुळतात, म्हणून पातळ्या जुळल्या की वेगही बरोबर असणार, असं समजू नका.

दुसरी ठेच जाळीची. पेशी १०० मीटरच्या आणि विखुरण्याची लांबी (वाहताना डाग किती फैलावतो, त्याचं माप) १० मीटर धरलेली. क्लोराइडचा डाग ओढ्यापलीकडे पसरला. मी घाबरून नमुने आणायलाच निघाले होते. पसरवत होतं ते गणित, जमीन नव्हे. पेशीची लांबी भागिले विखुरण्याची लांबी, हा पेक्ले आकडा शक्यतो दोनच्या आत ठेवायचा. माझा दहा होता. डेपोभोवती २० मीटरच्या पेशी केल्या, डाग आक्रसला. काळाची पायरीही अशी घ्या की एका पायरीत पाणी एका पेशीच्या पुढे जाणार नाही.

आणि फोल्डरचं नाव मराठीत किंवा मध्ये जागा सोडून ठेवू नका. माझा अख्खा एक शुक्रवार त्यात गेला होता. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

प्रबंध जमा केल्यावर तीन आठवड्यांनी त्या कार्यालयाचं पाकीट आलं. जावक क्रमांक, गोल शिक्का, सोबत एक पान. तेवीसच्या तेवीस मापनबिंदूंच्या उंच्या, दोन दशांश स्थळांपर्यंत. पहिलीच ५४१.३२ मीटर. कशापासून, ते लिहिलेलं नाही.