दुसरी ओव्हरी राहू द्या

डिसेंबरात कापसाची वेचणी जोरात असली की आमच्या ग्रामीण रुग्णालयात बाया बाजाराच्या दिवशीच दिसतात, एरवी मजुरी बुडते. यवतमाळ जिल्ह्याचा हा भाग; सकाळची थंडी अशी की रांगेतली प्रत्येक जण शाल-स्वेटरात गुरफटलेली. त्या दिवशी दोघी जावा सोबत आल्या. धाकटी ४६ वर्षांची, थोरली ४८ ची. धाकटीनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "म्याडम, सोमवारी ऑपरेशन ठरलं हाये माह्यं. थोरल्या बाई म्हणे, एकदा तुमाले दाखवून घेऊ."

ऑपरेशन कशाचं, तर उरलेल्या ओव्हरीचं, म्हणजे बीजांडकोशाचं, आणि लगे हाथ गर्भाशयाच्या पिशवीचंही. पहिली, उजवी ओव्हरी ३५ व्या वर्षी गेली होती. गाठीला पीळ बसला, दुखणं असह्य झालं, रात्रीतून काढावी लागली. ते ऑपरेशन गरजेचंच होतं. त्यानंतर दहा वर्षं पाळी महिन्याच्या महिन्याला येत राहिली. गेल्या वर्षापासून मात्र बिनसलं. कधी वीस दिवसांत, कधी दोन-अडीच महिने पत्ताच नाही. "रातभर झोप नाही लागत. पांघरूण घेतलं का अंग पेटते, फेकलं का हिव वाजते. लेकरायवर उगाच खेकसतो मी."

शहरातल्या एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं की एक काढल्यामुळे दुसरीवर ताण आला, आता तीही खराब झाली, सगळं काढून टाका म्हणजे कटकट मिटेल. नवऱ्यानं पहिल्या वेच्याचा कापूस खेडा खरेदीत, गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल त्या भावानं विकून पैसे उभे केले होते.

बोलता बोलता ती थांबली. स्वेटरची बटणं ओढून काढली आणि हातातल्या जुन्या डिस्चार्ज कार्डानं वारा घालायला लागली. कपाळावर, वरच्या ओठावर, गळ्याच्या खळगीत घामाचे थेंब उभे राहिले. मनगट हातात घेतलं तर नाडी शंभराच्या पुढे. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरलं आणि तिला कुडकुडी भरली. हे मी बायकांच्या तोंडून कायम ऐकते, पण खोलीत बाकी सगळे गारठलेले असताना हातात हात घेऊन पाहणं वेगळं.

थोरली शांतपणे म्हणाली, "मले बी असंच झालं होतं. पण माह्यं तं ऑपरेशनच्या चौथ्याच दिवशी सुरू झालं."

तिथं मी पेन खाली ठेवला. थोरलीची पिशवी आणि दोन्ही ओव्हऱ्या ३६ व्या वर्षी काढल्या होत्या. धाकटीला जो त्रास घालवायचा होता, तोच त्रास थोरलीला त्या ऑपरेशननं दिला होता. आणि सोमवारी धाकटी त्याच टेबलावर चढणार होती.

कागद पाहिले. सोनोग्राफीत गर्भाशय नॉर्मल, डावी ओव्हरी नॉर्मल, गाठ नाही. रक्ताच्या एका तपासणीत एफएसएच, म्हणजे ओव्हरीला कामाला लावणारं हार्मोन, वाढलेलं, त्यावरून 'ओव्हरी खराब'. पाळी जाण्याच्या आधीच्या या काळात एफएसएच एका महिन्यात चढतं, दुसऱ्या महिन्यात उतरतं. ४५ नंतर पाळी अशी मागेपुढे व्हायला लागली आणि अंगातून अशा गरम वाफा यायला लागल्या तर निदानासाठी ही तपासणी लागतच नाही.

"पण एका बैलावर वखर चालत नाही ना, जी?" धाकटीनं विचारलं.

मी म्हटलं, ताई, ओव्हरीचं तसं नाही. दोन्ही असतात तेव्हासुद्धा महिन्याला बीज साधारण एकाच बाजूनं सुटतं. एक गेली तर दुसरी काम सांभाळते, म्हणून तर तुमची पाळी इतकी वर्षं चालली. बीजांचा साठा मात्र कमी राहतो, त्यामुळे पाळी सरासरी एखाद-दोन वर्षं लवकर जाऊ शकते. आपल्याकडे तशीही ती ४६-४७ च्या आसपास जाते. म्हणजे तुमची वेळच आली आहे. ऑपरेशनमुळे थोडी अलीकडे आली असेल, कदाचित तेवढीही नाही. आता ओव्हरीतून येणारं इस्ट्रोजेन हार्मोन वरखाली होतंय, मेंदूतलं अंगाचा ताप सांभाळणारं केंद्र जराशा उष्णतेनंही बिथरतं, आणि घाम सुटतो. उरलेली ओव्हरी ही उतरण हळूहळू करते. ती काढली तर एकदम कडा कोसळेल.

ऐकता ऐकता धाकटीचे डोळे भरून आले. तिला वर्षभर वाटत होतं की त्या गाठीनंच आपल्याला अधू करून टाकलं.

तपासण्या केल्या, गरोदरपणाचीसुद्धा. एका ओव्हरीवर आणि अनियमित पाळीतही दिवस जाऊ शकतात, हे सांगितलं की बाया हसतात, पण मी ती पट्टी सोडत नाही. हिमोग्लोबिन ९ च्या आत निघालं. धाप आणि धडधड यांत त्याचाही वाटा होता. थायरॉईड, साखर, बीपी ठीक. हार्मोनच्या गोळ्यांचा पर्याय समजावला. पिशवी शाबूत आहे म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं. तिनं आधी लोहाच्या गोळ्या घेऊन पाहायचं ठरवलं. भळभळ रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मधेच गेलं, किंवा पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा दिसली, तर त्याच दिवशी यायचं, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

थोरली उठायला लागली तेव्हा तिनं टेबलाला डाव्या हातानं आधार घेतला. उजवं मनगट जरा वाकडं. गेल्या साली धुऱ्यावर पाय घसरला आणि मोडलं, म्हणे. एवढ्याशा पडण्यानं! ३६ व्या वर्षी दोन्ही ओव्हऱ्या गेल्यावर, काही मनाई नसेल तर, पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत तरी इस्ट्रोजेन द्यायला हवं होतं, हाडांसाठी आणि हृदयासाठीही. तिला एक गोळी कुणी दिली नाही, असं होईल हेही सांगितलं नाही. याचा मला त्या दिवशी फार राग आला, अजूनही येतो. बारा वर्षं उलटल्यावर त्या गोळ्या नव्यानं सुरू करणं सोपं नाही. तिला हाडांची घनता मोजायला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व सुरू केलं. हाडांचं औषध रिपोर्ट पाहून.

धाकटीचा नवरा बाहेर उभा होता. ऑपरेशन नको म्हटल्यावर त्यानं आधी घाबरून विचारलं, पुढं काही वंगाळ तं नाही होणार? सगळं पुन्हा सांगितलं. मग तो थोरलीकडे वळला. "वहिनी, पैसे हायेतच. तुमच्या हाडाचा फोटू काढून घेऊ आधी."