ऐन पावसात, घरच्या घरी उपरण्यांवर छपाई

आमच्या वाड्यावरच्या बायकांचं घुमट आरतीचं पथक आहे. घुमट म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं वाद्य. गणेश चवथीला घरोघरी आरत्या म्हणायला जाताना सगळ्यांच्या खांद्यावर सारखं उपरणं असावं असं ठरलं, आणि छपाईचं काम मी अंगावर घेतलं. बाहेरून करून आणणं सोपं होतं, पण तशा कामात कापडावर प्लास्टिकसारखा थर बसलेला मी पाहिला होता आणि तो चार धुण्यांत सोलवटतो. मला रंग कापडात मुरलेला हवा होता. घरी, पाण्यातल्या रंगाने स्क्रीन प्रिंटिंग केलं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून रंग कापडावर दाबून उतरवला, तर तो तसा मुरतो. मात्र गोव्यात आणि तेही श्रावणात हे करायचं म्हणजे निम्मं काम सुकवण्याचंच. यूट्यूबवरचे धडे कोरड्या हवेतले असतात. आपल्याकडे कपाटातल्या चपलेवरही बुरशी चढते, त्या हवेत काय करावं लागतं ते इथे लिहिते.

नक्षीसाठी फार शोधावं लागलं नाही. पेडणे तालुक्यात मोरजीच्या मोरजाईच्या देवळात भिंतीवर कावीचं काम आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती पद्धत. तांबडं आणि पांढरं, मधली छटा नाही. एका रंगाच्या स्क्रीनला नेमकं हेच लागतं, कारण जाळीतून रंग एकतर उतरतो किंवा उतरत नाही. कावीतल्या वेलीसारखी वेल काढली आणि मधोमध घुमट. 2019 साली घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, तेव्हापासून आमच्या पथकाला त्याचा जरा जास्तच अभिमान आहे. घुमटाच्या तोंडाशी चामडं ताणून बांधलेली दोरी असते. ती मी आधी बारीक रेघांनी काढली होती, पण कापडावरच्या छपाईची जाळी जाडसर असते, त्यात असल्या रेघा तुटतात. म्हणून दोरीचे पीळ मोजकेच ठेवले आणि एकही रेघ एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवली नाही. नक्षी त्यामुळे उलट उठून दिसली.

जाळी म्हणजे पॉलिएस्टरचं बोल्टिंग कापड. पूर्वी ते रेशमाचं असे आणि पीठ चाळायला वापरत. कापडासाठी 43 नंबरची जाळी घ्यावी, म्हणजे एका सेंटिमीटरला 43 धागे. पत्रिका छापणाऱ्यांकडे याच्या दुप्पट बारीक जाळी असते. त्यातून कापडाला पुरेल इतका रंग उतरत नाही. लाकडी फ्रेम आमच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतली आणि तिला वॉर्निशचे दोन हात दिले, नाहीतर दर धुण्याला लाकूड फुगतं आणि फ्रेम वाकते. जाळी ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर स्टेपल मारायचे, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं. टिचकी मारली की जाळी घुमटाच्या चामड्यासारखी बोलली पाहिजे. सैल जाळीवर नक्षी सरकते, तिथे दुसरा उपाय चालत नाही.

मग इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचा, उजेडाने घट्ट होणारा लेप. नक्षीच्या काळ्या भागाखाली तो कच्चा राहतो, धुतल्यावर निघून जातो आणि तिथूनच रंग उतरतो. मी डायझो या रसायनाचं घेतलं. बायक्रोमेटचं स्वस्त आहे आणि उजेडात झटकन पकतंही, पण ते रसायन विषारी आहे आणि आमच्या परसात विहीर आहे. या बाबतीत तडजोड करू नये असं माझं ठाम मत आहे. भांडी घासायच्या साबणाने जाळी धुऊन वाळवली, खोलीत पिवळा दिवा लावला आणि इमल्शन पातळ ओढलं: बाहेरून दोन हात, आतून एक.

आणि इथे पाऊस आडवा आला. रात्रभर पंख्याखाली ठेवलेली जाळी सकाळी हाताला कोरडी लागत होती. दिव्याखाली धरली, धुवायला घेतली, तर नक्षीबरोबर आजूबाजूचं इमल्शनही बुळबुळीत होऊन वाहून गेलं. म्हापशाला पत्रिका छापणारे एक जुने काका आहेत. शुक्रवारच्या बाजाराला गेले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "बाय, बोटाने बघू नको, बोटाला काही कळत नाही. गालाला लाव. थंड लागली तर आत ओल आहे."

कारण समजलं की उपाय सुचतो. इमल्शनमध्ये ओल राहिली तर उजेडाने ते नीट घट्ट होत नाही, कितीही वेळ धरा. आणि पंखा दमट हवाच फिरवत बसतो. मी लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. पावसाळ्यात कपड्यांमध्ये ठेवतो ते ओल शोषणारे डबे, ज्यांत पाणी साठत जातं, ते दोन ठेवले. जाळी आडवी, बाहेरची बाजू खाली करून ठेवली आणि दार लावून घेतलं. काळोखही आयताच मिळाला. दुसऱ्या दिवशी डब्यांच्या तळाशी पाणी जमलं होतं आणि जाळी गालाला कोमट लागली. ड्रायर वापरायचा असेल तर अगदी कमी तापमानावर, कारण उष्णतेनेही इमल्शन पकतं.

उन्हावर भरवसा नव्हता. श्रावणातलं ऊन पाच मिनिटं टिकत नाही आणि ढग आला की अंदाज चुकतो. पन्नास वॉटचा यूव्ही दिवा घेतला. नक्षी ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंटरने काढून घेतली, दोन प्रती एकमेकींवर तंतोतंत जुळवल्या म्हणजे काळा भाग पक्का काळा होतो. जाळीवर नक्षी, तिच्यावर काच, खालून स्पंजचा दाब. वेळ ठरवण्यासाठी एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत दोन, चार, सहा, आठ, दहा मिनिटं असा उजेड दिला. धुतल्यावर ज्या पट्ट्यात कडा स्वच्छ आणि आतली बाजू न चिकटणारी, ती आपली वेळ. माझ्या दिव्याला दीड फुटांवरून आठ मिनिटं लागली. दुसऱ्याच्या दिव्याला हा आकडा लावू नये, पट्टी काढूनच बघावं. मग कोमट पाण्याचा हलका फवारा. आधी काही होत नाहीसं वाटतं, आणि हळूहळू घुमटाचं पोट उजळायला लागतं, मग वेल, मग दोरीचे पीळ. हे बघायला शेजारच्या काकी दोनदा न्हाणीघराच्या दाराशी आल्या.

उपरणी आधीच धुऊन खळ काढून घेतली होती. खळ राहिली तर रंग तिच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात तिच्याबरोबर निघून जातो. प्लायवुडवर जुनी घोंगडी, तिच्यावर ताणून चादर, असं टेबल केलं. रंगासाठी तयार बाइंडरमध्ये (रंग कापडाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) तांबडं पिगमेंट, म्हणजे रंगद्रव्य, आणि कणभर काळं मिसळलं, कावीच्या जवळ जाईपर्यंत. पांढऱ्या सुती कापडाला एवढं पुरतं. गडद कापडावर छापायचं तर खालून पांढरी खादी पेस्ट (अपारदर्शक रंग) लागते.

स्क्वीजी, म्हणजे जाळीतून रंग दाबणारी रबरी पट्टी, ओढण्याचं तंत्र हातालाच कळतं, तरी सांगते: फ्रेमच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे लावून जाळी कापडापासून दोन-तीन मिलिमीटर उचललेली ठेवायची. मग स्क्वीजीच्या रेषेपुरतीच जाळी कापडाला टेकते आणि मागून सुटत जाते. दाब दोन्ही हातांनी सारखा, वेग मध्यम, मध्ये थांबायचं नाही. फ्रेम उचलल्यावर पुढच्या उपरण्याची तयारी होईपर्यंत नक्षीवर रंगाचा पातळ थर ओढून ठेवायचा, म्हणजे जाळी बुजत नाही. पावसाळ्याचा फायदा झाला तो इथेच. एप्रिल-मे महिन्यांत जाळीत रंग बघता बघता वाळतो, श्रावणात निवांत काम करता आलं.

छापलेली उपरणी वाळायला मात्र दोन दिवस घेतले. पडवीत दोऱ्या बांधून, घडी न पडू देता. त्यानंतर इस्त्री, आणि ही पायरी लोक उरकून टाकतात. पिगमेंट कापडाला धरून राहतं ते बाइंडर उष्णतेने पक्का होतो म्हणून. त्याला साधारण दीडशे अंश तापमान काही मिनिटं मिळावं लागतं. आत ओल असेल तर इस्त्रीची सगळी उष्णता ती वाफ करण्यात जाते. म्हणून आधी पूर्ण वाळवणं, मग उलट बाजूने, मध्ये बटर पेपर घालून, वाफ बंद ठेवून, कॉटनच्या तापमानावर एकेका भागाला चार-पाच मिनिटं. सुरुवात कडांपासून करावी, मधला भाग आपोआप दोनदा भाजला जातो. तपासायला ओलं पांढरं फडकं नक्षीवर चोळायचं. फडक्यावर तांबूस डाग आला तर पुन्हा इस्त्री.

उरलेला रंग खरवडून बरणीत भरला आणि जाळी लगेच धुतली, बादलीत, विहिरीपासून लांब. स्क्रीन पुसून, वाळवून त्याच लोखंडी कपाटात उभी ठेवली आहे. पथकात नव्या बायका येतात, त्यांच्यासाठी ती लागणारच. उपरणी वाटताना सगळ्यांना सांगितलं, आठवडाभर पाणी लावू नका, नंतर गार पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि ब्रश मारू नका. चवथ झाली, उपरणी भरपूर वापरली, धुतली. आता पथकातल्या मुली टोपीवरही घुमट मागतायत, आणि टोपीच्या गोलाईवर जाळी सपाट टेकवायची कशी याचा विचार मी करते आहे. शिवण्याआधी कापडाच्या तुकड्यावरच छापावं, असं आत्तापर्यंत तरी ठरलंय.